बेहिस्तूनचा कडा आणि क्षत्रपांचे राज्य

इराणच्या पश्चिम भागात, केरमानशाहहून हमादानकडे जाणाऱ्या रस्त्यालगत बेहिस्तूनचा डोंगर उभा आहे. बॅबिलोनहून मीडियाच्या राजधानीकडे जाणारी सैन्ये आणि व्यापाऱ्यांचे तांडे शतकानुशतके याच वाटेने गेले. या डोंगराच्या सरळसोट कड्यावर, कोणाचा हात सहजासहजी पोहोचणार नाही अशा उंचीवर एक शिल्पपट कोरलेला आहे. त्यात एक राजा हाती धनुष्य घेऊन उभा आहे. उताण्या पडलेल्या एका माणसाच्या छातीवर त्याने पाय रोवला आहे आणि हात पाठीमागे बांधलेले, गळ्यांत एकच दोर अडकवलेले नऊ बंडखोर त्याच्यासमोर रांगेने उभे आहेत. भोवताली प्राचीन पर्शियन, एलामी आणि बॅबिलोनी या तीन भाषांत प्रदीर्घ लेख आहे. हा राजा म्हणजे अखमनी घराण्यातील पहिला डरायस. त्याने इ.स.पू. ५२२ ते ४८६ अशी ३६ वर्षे राज्य केले.

पर्शियन साम्राज्याचा संस्थापक तो नव्हे. तो मान सायरसचा. मीडिया, लिडिया आणि इ.स.पू. ५३९ मध्ये बॅबिलोन जिंकून सायरसने अवघ्या एका पिढीत हे साम्राज्य उभे केले. त्याचा पुत्र कंबायसिस याने इ.स.पू. ५२५ मध्ये इजिप्त त्याला जोडले. परंतु जिंकलेला मुलूख आणि चालणारे राज्य यांत अंतर असते. कंबायसिसच्या मृत्यूनंतर वर्षभराच्या आत हे साम्राज्य जवळजवळ प्रत्येक सांध्यात उसवले. ते पुन्हा शिवण्याचे, आणि आधीपेक्षा घट्ट शिवण्याचे, काम डरायसने केले. त्याने घालून दिलेली व्यवस्था त्याच्या घराण्यापेक्षा अधिक काळ टिकली. तिचा एक धागा तर थेट नाशिकच्या लेण्यांपर्यंत येऊन पोहोचतो.

डरायस गादीवर कसा आला, याविषयीची त्याची स्वतःची कैफियत बेहिस्तूनच्या लेखात आहे. कंबायसिसने आपला सख्खा भाऊ बर्दिया याला गुप्तपणे ठार मारले होते. लोकांना त्याचा पत्ता नव्हता. कंबायसिस इजिप्तमध्ये असताना गौमात नावाच्या एका मग पुरोहिताने ‘मीच बर्दिया’ असे सांगून राज्य बळकावले. पुढे कंबायसिस मरण पावला आणि या तोतयाविरुद्ध बोलण्याचे धैर्य कोणालाच होईना. तेव्हा डरायसने थोड्या साथीदारांसह मीडियातील एका किल्ल्यात त्याला ठार केले. ही घटना इ.स.पू. ५२२ च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरची. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनेही हीच कथा थोड्या फरकाने सांगितली असून, कटात डरायस धरून सात सरदार होते असे त्याचे म्हणणे आहे.

कथा ऐटदार आहे, पण तिच्यात खोच आहे. ज्याच्या खुनाचा कोणालाही पत्ता नव्हता तो राजपुत्र, आणि त्याच्यासारखा हुबेहूब दिसणारा तोतया. हे सांगणार कोण, तर ज्याला या दोघांच्या नसण्याने राज्य मिळाले तो! डरायस स्वतःला सायरसच्या घराण्याच्या दुसऱ्या शाखेतील म्हणवितो. परंतु तो राजा झाला तेव्हा त्याचे वडील विश्तास्प आणि आजोबा अर्शाम हे दोघेही हयात होते, असे त्याच्याच सूसा येथील लेखांवरून कळते. वारसाहक्कानेच गादी मिळावयाची असती, तर ती आधी आजोबांकडे गेली असती. मारला गेलेला माणूस खरा बर्दियाच होता, असे मत ए. टी. ओल्मस्टेड या अमेरिकन इतिहासकाराने विसाव्या शतकात ठामपणे मांडले आणि आज अनेक अभ्यासकांचा कल तिकडे आहे. वाद निर्णायकपणे मिटलेला नाही. तथापि गादीवर बसताच डरायसने सायरसच्या अतोसा आणि आर्तिस्तोने या दोन कन्यांशी आणि बर्दियाच्या कन्येशीही विवाह केला, ही गोष्ट बोलकी आहे. जुन्या राजघराण्याचे रक्त दुसऱ्या कोणाच्या घरात जाणार नाही, याची तजवीज त्याने पुरती केली होती.

साम्राज्यातील लोकांनाही हा नवा राजा मान्य नव्हता. एलाम, बॅबिलोन, मीडिया, पार्थिया, मार्जियाना, एवढेच नव्हे तर खुद्द पर्शियातही उठाव झाले. एका वर्षात आपण एकोणीस लढाया करून नऊ राजे पकडले, असे डरायस सांगतो. मीडियाच्या फ्रवर्तीश या बंडखोराचे नाक, कान आणि जीभ कापून, एक डोळा फोडून, त्याला राजवाड्याच्या दाराशी साखळदंडाने बांधून ठेवले आणि नंतर एकबाताना येथे सुळावर दिले, हेही त्याने कसलाही आडपडदा न ठेवता कोरून ठेवले आहे. एकबाताना म्हणजे आजचे हमादान. बेहिस्तूनच्या पायथ्याचा रस्ता तिकडेच जातो.

या साऱ्या बंडांचे मूळ तो एकाच शब्दात सांगतो: ‘द्रौग’, म्हणजे असत्य. आपल्याकडील ‘द्रोह’ हा शब्द याच कुळातला. त्याच्या दृष्टीने बंडखोर हा आधी खोटारडा आणि मग शत्रू. आपण लिहिले ते सत्य आहे, वाचणाऱ्याने ते खोटे मानू नये, अशी विनवणी तो लेखात वारंवार करतो. ज्याच्या हक्काविषयी शंका नाही, अशा राजाला इतक्यांदा शपथ घ्यावी लागत नाही.

मात्र जमिनीवरून हा लेख वाचता येत नाही. त्यासाठी डरायसने दुसरी योजना केली. लेखाच्या प्रती साम्राज्यभर पाठविण्यात आल्या. बॅबिलोनमध्ये एका शिलाखंडावर आणि इजिप्तच्या दक्षिण सीमेवरील एलेफंटाइन बेटावर अरामी भाषेतील पपायरसवर अशा प्रती सापडल्या आहेत. पुढे शक टोळ्यांवर विजय मिळाल्यावर उंच टोकदार टोपी घातलेला त्यांचा नेता स्कुंखा रांगेच्या शेवटी कोरण्यात आला. जागा नव्हती, म्हणून आधीच्या एलामी लेखाचा भाग छाटला गेला आणि तो संपूर्ण लेख दुसऱ्या बाजूला नव्याने कोरावा लागला. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या सैन्यातून इराणला गेलेल्या हेन्री रॉलिन्सनने दोर आणि शिड्यांच्या आधाराने या लेखाची नक्कल उतरवून घेतली. कीलाक्षर लिपी उलगडण्यात तिचा वाटा फार मोठा आहे. २००६ मध्ये युनेस्कोने बेहिस्तूनला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

बंडे मोडली, पण ती पुन्हा होऊ नयेत यासाठी काय करावयाचे, हा खरा प्रश्न होता. साम्राज्य प्रांतांत विभागण्याची पद्धत सायरसच्या काळीही होती. प्रांताच्या अधिपतीला प्राचीन पर्शियन भाषेत ‘क्षत्र’ म्हणजे राज्य राखणारा, अशा अर्थाचा शब्द होता. ग्रीकांनी त्याचे ‘सॅट्रप’ केले. आपल्याकडे तो ‘क्षत्रप’ झाला. डरायसने या प्रांतांच्या सीमा आणि त्यांनी द्यावयाचा कर निश्चित केला. हिरोडोटसने अशा वीस करविभागांची यादी दिली आहे. तीत बॅबिलोनचा वार्षिक कर एक हजार टॅलेंट चांदी आहे, तर सर्वांत मोठा आकडा भारताचा, म्हणजे सिंधू नदीच्या प्रदेशाचा आहे: ३६० टॅलेंट सुवर्णरज. साऱ्या साम्राज्याची बेरीज तो १४,५६० टॅलेंट चांदी इतकी देतो. पर्शियाचा मूळ प्रांत करातून वगळलेला होता. आकड्यांविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु हा कर दरवर्षी, ठरलेल्या प्रमाणात आणि ठरलेल्या वजनाने घेतला जाई, यात संशय नाही. सायरसच्या काळी लोक ‘नजराणे’ देत. आता मात्र देणे वहीत चढले. पर्शियन लोक सायरसला पिता, कंबायसिसला धनी आणि डरायसला दुकानदार म्हणत, अशी आख्यायिका हिरोडोटस नोंदवितो. त्यात उपहास आहे खरा. पण दोन हजार वर्षांनंतर पाहता, या तिघांत दुकानदाराचेच काम अधिक टिकाऊ ठरले.

मात्र क्षत्रप हा दूरच्या मुलखात जवळजवळ राजाच असे. त्याला आवर कसा घालावयाचा? या बाबतीत हिरोडोटसने सांगितलेली ओरोइटीसची हकीकत मोठी उद्बोधक आहे. सार्डिस येथील हा क्षत्रप बंडाळीच्या काळात शिरजोर झाला होता. त्याने शेजारच्या पर्शियन अधिकाऱ्याला ठार केले, डरायसने पाठविलेल्या जासुदालाही वाटेत मारविले. त्याच्याजवळ एक हजार पर्शियन भालाइतांचे शरीररक्षक दल होते. सैन्य पाठविणे परवडणारे नव्हते. तेव्हा बगायस नावाचा एक सरदार राजमुद्रा उमटविलेली बरीच पत्रे घेऊन एकटाच सार्डिसला गेला. क्षत्रपाच्या दरबारात राजाने नेमलेला लेखक असे; शाही पत्रे वाचून दाखविणे हे त्याचे काम. बगायसने एकेक पत्र त्याच्या हाती दिले. आरंभीची पत्रे किरकोळ होती. बगायसचे लक्ष मजकुराकडे नव्हतेच, ते शरीररक्षकांच्या चेहऱ्यांकडे होते. पत्र वाचले जाताना ते आदराने ऐकतात, हे पाहिल्यावर त्याने पुढचे पत्र दिले: राजाची आज्ञा आहे, ओरोइटीसचे रक्षण करू नका. भालाइतांनी भाले खाली टाकले. मग शेवटचे पत्र: ओरोइटीसला ठार करा. त्यांनी तलवारी उपसल्या आणि आज्ञा तत्काळ अमलात आली.

ही हकीकत शब्दशः खरी असो वा नसो, तिने या राज्ययंत्राचे मर्म अचूक पकडले आहे. क्षत्रपाच्या शेजारी राजाला थेट जबाबदार असणारा लेखक आणि किल्लेदार ठेवणे, तपासणीसाठी अधिकारी फिरते ठेवणे, आणि या सर्वांना राजधानीशी जोडणारा रस्ता राखणे, अशी ही रचना होती. सार्डिस ते सूसा हा सुमारे अडीच हजार किलोमीटरचा राजमार्ग, त्यावरील १११ मुक्काम, पायी चालणाऱ्यास लागणारे नव्वद दिवस आणि घोडे बदलत तेच अंतर फार थोड्या दिवसांत कापणारे शाही जासूद यांचे वर्णन ग्रीकांनी विस्मयाने केले आहे.

ग्रीकांच्या वर्णनावर किती विसंबावे, हा प्रश्न बराच काळ होता. त्याचे उत्तर अनपेक्षित ठिकाणी मिळाले. १९३३-३४ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटच्या वतीने अर्न्स्ट हर्झफेल्ड हा पर्सेपोलिस येथे उत्खनन करीत असताना तटबंदीच्या भिंतीत मातीच्या हजारो लहान वड्या सापडल्या. त्या डरायसच्या कारकिर्दीतल्या, इ.स.पू. ५०९ ते ४९३ या काळातल्या आहेत. त्यांवर बहुतांशी एलामी भाषेत शिधावाटपाचे हिशेब लिहिलेले आहेत. कोणत्या कोठारातून किती धान्य, किती मद्य, कोणाला, कोणाच्या मोहरेवर दिले, एवढाच मजकूर. लढाया नाहीत, राजस्तुती नाही. पण राजमार्गावरचे प्रवासी या वड्यांतून चालताना दिसतात; कोणी सार्डिसला निघाला आहे, कोणी बॅक्ट्रियाहून येतो आहे, तर काही जण ‘हिंदूश’ म्हणजे सिंधूच्या मुलखातून आलेले आहेत. प्रत्येकाजवळ मोहोरबंद परवाना असे आणि तो दाखवून पुढच्या मुक्कामावर पीठ मिळे. मजूर स्त्रियांना प्रसूतीनंतर जादा शिधा मिळत असे; मुलगा झाल्यास मुलीच्या दुप्पट, हेही या वड्यांच्या नोंदींत स्पष्ट लिहिलेले आहे. अभ्यासासाठी शिकागोला नेलेल्या या वड्या पुढे एका वेगळ्याच वादात सापडल्या. १९९७ च्या जेरुसलेम बॉम्बहल्ल्यातील जखमींनी इराणकडून भरपाई वसूल करण्यासाठी त्यांच्यावर हक्क सांगितला. तो दावा २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला.

हे सारे हिशेब कोणत्या भाषेत चालावेत? डरायसने आपली मातृभाषा कोणावर लादली नाही. पर्सेपोलिसला एलामी, बॅबिलोनमध्ये बॅबिलोनी, इजिप्तमध्ये तेथील लोकलिपी आणि प्रांताप्रांतांतील पत्रव्यवहारासाठी अरामी, अशी ही सोय होती. कातड्यावर वा पपायरसवर शाईने लिहिता येणारी अरामी ही साम्राज्याची दरबारी भाषा झाली. इजिप्तमध्ये तर त्याने जाणत्या लोकांना बोलावून तेथील जुने कायदे एकत्र लिहून काढण्याची आज्ञा दिली. अनेक वर्षे चाललेल्या या कामाची प्रत अरामी आणि लोकलिपी अशा दोन्हींत तयार झाली. जेरुसलेमचे दुसरे मंदिर त्याच्याच सहाव्या वर्षी पूर्ण झाले. नाईल नदी आणि तांबडा समुद्र यांना जोडणारा कालवा त्याने पुरा करविला आणि काठावर शिलास्तंभ उभारले. अर्थात या औदार्याला व्यवहाराची किनार होती. ज्याचे देव आणि कायदे सुरक्षित राहतात तो करही बिनतक्रार भरतो, हे या राजाने ओळखले होते.

भारताशी त्याचा संबंध साधारणपणे इ.स.पू. ५१५ च्या सुमारास आला. बेहिस्तूनच्या लेखातील २३ देशांत गांधार आहे, पण हिंदूश नाही. नंतरच्या लेखांत तो येतो. स्वारीपूर्वी की नंतर हे नक्की नसले, तरी स्कायलॅक्स नावाच्या दर्यावर्दीला त्याने सिंधू नदीतून खाली समुद्रापर्यंत आणि तेथून इजिप्तकडे पाठविले, त्या प्रवासाला तीस महिने लागले, असे हिरोडोटस सांगतो. सूसाच्या राजवाड्यासाठी कोठून काय आणले याची जी यादी डरायसने कोरविली, तीत लेबनॉनचे देवदार, सार्डिस व बॅक्ट्रियाचे सोने, गांधारचे लाकूड आणि इथिओपिया व भारत येथील हस्तिदंत आहे. ‘सिंधु’चे ‘हिंदु’ हे पर्शियन उच्चारातले रूप कोरीव लेखांत प्रथम दिसते ते याच काळात.

या व्यवस्थेला मर्यादा नव्हत्या असे नाही. इ.स.पू. ४९९ मध्ये आयोनियातील ग्रीक शहरे उठली, सार्डिस जळाले. बंड मोडल्यावर क्षत्रप आर्ताफर्नीसने तेथील जमीन मोजून कर नव्याने बसविला आणि मार्डोनियसने काही शहरांत हुकूमशहांऐवजी लोकसत्ता आणली. परंतु अथेन्सला धडा शिकविण्याचा बेत इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर फसला. युरोपीय इतिहासाने डरायसला लक्षात ठेवले ते मुख्यतः या पराभवासाठी. पर्शियन साम्राज्याच्या दृष्टीने ती सीमेवरची एक अपयशी मोहीम होती. कराचे दुखणे याहून खोल होते. मारला गेलेला बर्दिया, किंवा गौमात, याने प्रजेला तीन वर्षांची करमाफी आणि सैन्यसेवेतून सूट दिली होती, म्हणून पर्शियन सोडून सारे लोक त्याच्यासाठी हळहळले, असे हिरोडोटस लिहितो. डरायसच्या राज्यात अशी माफी नव्हती. करात आलेला धातू वितळवून मातीच्या रांजणांत ओतला जाई आणि लागेल तेवढाच तोडून काढला जाई. दरिक हे सुमारे ८.४ ग्रॅमचे त्याचे शुद्ध सोन्याचे नाणे प्रसिद्ध आहे. पण ते फिरले मुख्यतः पश्चिम आशिया मायनरमध्ये. दीडशेहून अधिक वर्षांनी सूसाच्या खजिन्यात सिकंदराला चाळीस-पन्नास हजार टॅलेंट धातू मिळाला, असे ग्रीक लेखकांनी नोंदविले आहे. इतके धन प्रजेच्या हातातून गेले आणि परत आले नाही. डरायस इ.स.पू. ४८६ मध्ये मरण पावला, तेव्हा इजिप्तमध्ये उठाव पेटलेला होता. पुढे क्षत्रपपदे काही घराण्यांत वंशपरंपरेने चालू लागली आणि इ.स.पू. चौथ्या शतकात क्षत्रपांनीच बंडे केली.

आणि तरीही इ.स.पू. ३३० मध्ये पर्सेपोलिस जाळणाऱ्या सिकंदराने प्रांतांची घडी मोडली नाही. त्याने क्षत्रप नेमले, काही ठिकाणी तर पर्शियनच. त्याच्यानंतरच्या सेल्युसिड राजांनीही तेच केले. कंदाहारला अशोकाने आपला लेख ग्रीकबरोबर अरामी भाषेत कोरविला. अखमनी सत्ता जाऊन सत्तर वर्षे उलटली होती, तरी त्या मुलखात दरबारी भाषा हीच समजली जात होती. वायव्य भारतातील खरोष्ठी लिपी अरामीवरूनच घडली. शाहबाजगढीच्या शिलालेखात अशोक लेखाला ‘दिपी’ म्हणतो. तो शब्द डरायसच्या लेखांतलाच. राजा असे म्हणतो, अशा आरंभाची अशोकाची लेखनशैलीही अनेक अभ्यासकांना बेहिस्तूनची आठवण करून देते. मात्र त्या साच्यात अशोकाने भरलेला आशय सर्वस्वी वेगळा आहे, हे विसरता कामा नये.

क्षत्रप हा शब्द शकांबरोबर आणखी दक्षिणेला आला. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत माळवा, गुजरात आणि महाराष्ट्राच्या काही भागांवर राज्य करणारे शक राजे स्वतःला क्षत्रप व महाक्षत्रप म्हणवीत. ते आता कोणा पर्शियन सम्राटाचे सुभेदार नव्हते. पदवी तेवढी उरली होती. त्यांपैकी नहपानाचा पराभव गौतमीपुत्र सातकर्णीने केला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली; त्यांतील सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. नहपानाचा जावई उषवदात याचे लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात आहेत. त्यांपैकी एकात क्षत्रप नहपानाच्या नावामागोमाग हिशेब येतो: भिक्षूंच्या वस्त्रांसाठी व इतर खर्चासाठी तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून दिले, त्यांतील दोन हजारांवर व्याज शेकडा एक, उरलेल्या एक हजारावर शेकडा पाऊण. व्यवहार निगमसभेत वाचून दाखविण्यात आला आणि दप्तरात नोंदविण्यात आला.